गुलाबाच्या बुडाशी गाठी आल्यात, कापून विकू का?

पत्र थोडक्यात असं आहे. पुणे जिल्ह्यातल्या एक ताई घरच्या जागेत गुलाबाची छोटी रोपवाटिका चालवतात. गेल्या वर्षी बाहेरच्या एका नर्सरीतून खुंट, म्हणजे कलमाचा खालचा मुळांचा भाग, आणून त्यावर हव्या त्या गुलाबाचे डोळे भरले. आता पिशव्या बदलताना काही रोपांच्या बुडाशी, मातीच्या जरा वर-खाली, सुपारीपासून लिंबाएवढ्या खडबडीत गाठी दिसल्यात. नवरा म्हणतो, "तू रूटिंग पावडर जास्त लावलीस, हार्मोन उतू गेलं." दीर म्हणतो, "चाकूने गाठ काढ, तांबं-चुन्याची बोर्डो पेस्ट लाव, पावसाच्या आत दोन ऑर्डर आहेत त्या देऊन टाक, कोण बघतंय मुळं." ताईंनी स्वतः व्हॉट्सॲपवर वाचलं की हार्मोन बनवणाऱ्या जिवाणूंमुळे झाडांना गाठी येतात आणि त्याला झाडाचा कॅन्सर म्हणतात. त्या दर पंधरवड्याला जी जिवाणूंची बाटली ड्रेंचिंगमधून, म्हणजे पाण्यात मिसळून मुळाशी ओतून, देतात तिच्यावर तर सरळच लिहिलंय की हे जिवाणू ऑक्झिन नावाचं हार्मोन बनवतात. मग ही बाटलीच फेकून द्यायची का, रोपं विकायची का, आणि शाळकरी मुलगी सुट्टीत पिशव्या भरायला बसते तिला यातून काही होईल का, असे तीन प्रश्न आहेत.

ताई,

शेवटचा प्रश्न आधी संपवते, कारण तुमच्या डोक्यात खरा घोर तोच असणार. मुलीला काही होत नाही. झाडांना अशा गाठी आणणारा जिवाणू, ॲग्रोबॅक्टेरियम, निरोगी माणसाच्या कातडीवर गाठी आणत नाही आणि झाडाची ही गाठ आपल्यातल्या कॅन्सरसारखी एका जागेवरून उठून दुसरीकडे पसरतही नाही. हात धुवायचे, पिशव्या भरताना नखात माती जाते म्हणून हातमोजे घालायचे, बास. आणि एक मजेशीर गोष्ट सांगते, या जिवाणूच्या भाईबंदांचे जीन्स आपण उपवासाला आवडीने खातो. २०१५ साली रताळ्याचे जीन्स तपासले तेव्हा लागवडीतल्या जेवढ्या वाणांची तपासणी झाली त्या सगळ्यांत ॲग्रोबॅक्टेरियमने फार पूर्वी कधीतरी टाकलेला डीएनएचा तुकडा सापडला, कुठल्याही लॅबमध्ये न जाता, शेतातच घडलेला प्रकार. रताळं खाऊन कुणाला काही झालेलं नाही. तेव्हा 'कॅन्सर' हा शब्द घरात वापरू नका, मुलगी उगाच घाबरेल.

आता गाठींकडे वळू. तुम्ही तिघांनीही गाठ कशाची आहे हे ठरवूनच टाकलंय, आणि भांडण त्याच्या पुढचं चाललंय. आधी गाठ कसली ते नक्की करू या का? एक रोप पिशवीतून काढा, मुळं बादलीत हलक्या हाताने धुवा आणि उजेडात बघा. डोळा भरलेल्या जागी, जोडावर, थोडा गुळगुळीत फुगवटा असेल तर तो बहुतेक नुसता जखम भरून आलेला टिश्यू असतो, त्यात काही वावगं नाही. बारीक बारीक मुळांवर मणी ओवल्यासारख्या गाठी असतील, मूळच जागोजागी सुजल्यासारखं वाटत असेल, तर तो सूत्रकृमींचा म्हणजे निमॅटोडचा प्रकार, गुलाबात तो पण भरपूर असतो आणि त्याचा इलाज पूर्ण वेगळा आहे. आणि गाठ बुडाशी, जाड मुळांवर किंवा जोडाजवळ असेल, सुरुवातीला फिकट आणि मऊ, नंतर तपकिरी, कडक, वरून भेगाळलेली, तर मात्र क्राऊन गॉल, म्हणजे याच ॲग्रोबॅक्टेरियमचा रोग. तुमच्या वर्णनावरून मला तरी हेच दिसतंय. पण नुसत्या माझ्या अंदाजावर विसंबू नका. दोन-तीन रोपं मुळांसकट ओलसर कागदात गुंडाळून जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात न्या, नाहीतर पुण्याच्या कृषी महाविद्यालयात वनस्पती रोगशास्त्र विभाग आहे तिथे दाखवा, फुलशेती संशोधन संचालनालय पण पुण्यातच आहे. इतकी सोय हाताशी असताना व्हॉट्सॲपवर निदान कशाला करायचं.

पुढचं सगळं क्राऊन गॉल आहे असं धरून लिहितेय.

तुमच्या मिस्टरांचं म्हणणं आधी घेते. रूटिंग पावडरमध्ये बहुतेक वेळा आयबीए असतं, ते ऑक्झिनच्या घरातलं, मुळं फुटायला मदत करणारं. ते जास्त झालं तर काय होतं? काडीचं टोक काळं पडतं, साल जळते, मुळं फुटायच्या ऐवजी बुडाला नुसता पांढरट फुगवटा येऊन बसतो. पण वर्षभराने, वाढलेल्या रोपाला, लिंबाएवढी गाठ येऊन ती वाढतच राहिली असं होत नाही. कारण बाहेरून दिलेलं हार्मोन झाड वापरतं, मोडून टाकतं किंवा बांधून बाजूला ठेवतं, आणि विषय संपतो. नाशिक-सांगलीकडचे द्राक्षवाले जीएचे, म्हणजे जिबरेलिक ॲसिड या हार्मोनचे, डिप वर्षानुवर्षं देतायत, सिक्स बीए नावाचं दुसरं हार्मोन मारतायत, डोस चुकला तर घड बिघडतो, नुकसान होतं, पण वेल पुढे परत आपल्या चालीने चालतो. (जीएचा शोधसुद्धा रोगातूनच लागलाय, भाताची रोपं वेड्यासारखी उंच वाढून पडायची, त्यामागे एक बुरशी आणि तिचं द्रव्य आहे हे १९२६ मध्ये कुरोसावा नावाच्या जपानी संशोधकाने दाखवलं, त्यातून पुढे जिबरेलिन हाती आलं. म्हणजे रोगजंतूने बनवलेलं हार्मोन आज आपण पैसे देऊन द्राक्षावर मारतो.) तर मिस्टरांना सांगा, पावडरचा यात दोष नाही. पण एक आहे, काडी कापताना जखम तर झालीच होती, आणि जखम हा या रोगाचा दरवाजा आहे.

आता हा जिवाणू करतो काय ते नीट समजून घ्या, कारण विकायचं की नाही याचं उत्तर इथेच आहे. ॲग्रोबॅक्टेरियम मातीत असतो. झाडाला जखम झाली की त्या जागेतून काही रसायनं पाझरतात, त्यातलं एक ॲसिटोसिरिंगोन, त्याचा माग लागला की हा जागा होतो आणि जखमेतल्या पेशींना चिकटतो. त्याच्याकडे मुख्य गुणसूत्राव्यतिरिक्त डीएनएचं एक वेगळं कडं असतं, टीआय प्लाझ्मिड म्हणतात त्याला, १९७४ मध्ये बेल्जियममधल्या गेंटच्या लॅबमध्ये ते सापडलं. त्यातला एक ठराविक तुकडा तो झाडाच्या पेशीत सोडतो आणि तो तुकडा झाडाच्या स्वतःच्या डीएनएत जाऊन बसतो, हे १९७७ मध्ये सिॲटलच्या गटाने पक्कं केलं. त्या तुकड्यावर ऑक्झिन बनवायचे दोन जीन्स आणि सायटोकायनिन बनवायचा एक जीन. झाडाकडे ही दोन्ही हार्मोन्स आधीपासून असतातच, पण किती बनवायची आणि कधी थांबायचं याचा लगाम झाडाच्या हातात असतो. या नव्या जीन्सना तो लगाम नाही. ते चालूच राहतात.

आणि ही दोन एकत्र चालू राहिली की काय होतं ते आपल्याला तंबाखूने शिकवलंय. स्कूग आणि मिलर यांनी १९५७ मध्ये तंबाखूच्या पेशी बाटलीत वाढवून दाखवलं की ऑक्झिन जास्त असेल तर मुळं फुटतात, सायटोकायनिन जास्त असेल तर कोंब फुटतात, आणि दोन्ही बेताने सारखी असतील तर ना मूळ ना कोंब, नुसता पेशींचा गोळा वाढत जातो. तुमच्या गुलाबाच्या बुडाशी तोच गोळा आहे. तिथल्या पेशींना मूळ व्हायचं की फांदी हे कळतच नाहीये, त्या फक्त फुटत राहतायत.

यातून जिवाणूचा फायदा काय, असं तुम्ही म्हणाल. तर त्या तुकड्यावर अजून काही जीन्स असतात, ते ओपाइन नावाचा पदार्थ बनवतात. झाडाला तो काही उपयोगाचा नाही, पण हा जिवाणू मात्र त्यावर जगतो. म्हणजे असं समजा, पाहुणा आला, तुमच्या स्वयंपाकघरातल्या वहीत स्वतःच्या आवडीच्या पदार्थाची कृती लिहून गेला, आणि आता घरातलं माणूस रोज तेच रांधतंय, घरच्यांना ते पचत नाही आणि वही कुणी फाडू शकत नाही.

वही फाडता येत नाही, इथेच दिराच्या चाकूचा आणि बोर्डो पेस्टचा प्रश्न निकालात निघतो. अमेरिकेत आर्मिन ब्राऊन यांनी १९४० च्या दशकात, डीएनएचं हे सगळं माहीत व्हायच्या कितीतरी आधी, आपल्या ओळखीच्या सदाफुलीवर प्रयोग केले. सदाफुलीला गाठ येऊ दिली, मग रोपं गरम हवेत ठेवून आतले जिवाणू मारले. गाठ वाढतच राहिली. जिवाणू नसलेला गाठीचा तुकडा बाटलीत ठेवला तर तो बाहेरून कुठलंही हार्मोन न देता वाढत राहिला, साध्या पेशींना ते जमत नाही. म्हणजे पहिल्या काही दिवसांत काम उरकलं की नंतर जिवाणू असला काय नसला काय, गाठीला फरक पडत नाही. म्हणून गाठ दिसल्यावर तांबं मारा, अँटिबायोटिक मारा, काहीही मारा, तुम्ही जिवाणूला मारताय, आणि हार्मोन बनवणारं आता झाड स्वतः आहे. दुकानदार बाटली देईल, नाही म्हणणार नाही, पण ते पैसे वाया.

चाकूने काढली तर? गाठीचे चार तंतू मागे राहिले तरी परत येते, आणि चाकूने जी नवी जखम केली तिथे तोच जिवाणू तयार बसलेला असतो. शिवाय गुलाबात हा जिवाणू खोडातून वर सरकलेलाही आढळलाय, त्यामुळे गाठ खाली आणि डोळा वरून घेतला म्हणजे सेफ, असं धरून चालू नका. मोठ्या, जमिनीत रुजलेल्या, किमती झाडावरची एखादी गाठ लोक काढतात, झाड जगवायला म्हणून, ते मी समजू शकते. पण विक्रीच्या रोपाची गाठ काढायची ती दिसू नये म्हणून, आणि दिसू नये म्हणून केलेल्या कामाला उपचार म्हणू नये, एवढं दिराला माझ्या नावाने सांगितलंत तरी चालेल.

आता बाटली. तुमचा हा प्रश्न मला सगळ्यात आवडला, कारण शंका रास्त आहे, लेबलवर खरंच तेच लिहिलेलं असतं आणि रोगाच्या माहितीतही तेच लिहिलेलं असतं, मग माणसाने समजायचं काय? तुम्ही असं धरलंय की हार्मोन बनवणारा जिवाणू म्हणजे रोगाचा जिवाणू. पण मातीतले, मुळांभोवतीचे कितीतरी जिवाणू ऑक्झिन बनवतात. ॲझोस्पिरिलम घ्या. तो मुळाच्या अवतीभवती राहतो, थोडं ऑक्झिन सोडतो, त्याने मुळावरचे केस वाढतात, बारीक मुळं वाढतात, झाडाला पाणी-खत जास्त मिळतं. झाडाच्या डीएनएला तो हात लावत नाही. तुम्ही बाटली देणं बंद केलं की त्याचा परिणाम हळूहळू ओसरतो. मुळांना ऑक्झिन अगदी किंचित लागतं, जास्त झालं की तेच ऑक्झिन मुळाची वाढ रोखतं, म्हणून "थोडी जास्त ओतली तर जास्त फायदा" हा हिशोब मात्र इथे चालत नाही.

पण मी जर एवढ्यावर थांबले तर अर्धवट सांगितल्यासारखं होईल. कारण डीएनए न घुसवता, नुसतं स्वतः हार्मोन बनवूनही रोग करणारे जिवाणू आहेत. भूमध्य समुद्राच्या काठच्या देशांत ऑलिव्हच्या फांद्यांवर गाठी येतात, तिथे एक स्युडोमोनास असतो, तो जखमेतून फांदीच्या आत शिरतो, तिथेच घर करतो आणि ऑक्झिन, सायटोकायनिन स्वतः बनवून ओततो. तो स्वतः हार्मोन बनवतो म्हणून त्याला तिथे जिवंत राहावं लागतं, गाठ त्याच्या जिवावर चालते. तुमच्या धंद्याच्या जवळचं उदाहरण हवं तर जिप्सोफिला, बुकेमध्ये गुलाबाच्या मधे भरतात ती बारीक पांढरी फुलं, तिच्या बुडाशी पॅन्टोइया नावाचा जिवाणू अशाच गाठी आणतो, कटिंग्जवर रोपं करणाऱ्यांना तो फार छळतो. गंमत म्हणजे पॅन्टोइयाचे कितीतरी भाऊ पानांवर निरुपद्रवी राहतात, याच्याकडे मात्र हार्मोनचे आणि पेशीत शिरकाव करायचे जीन्स एका प्लाझ्मिडवर येऊन बसलेत. अजून एक ऱ्होडोकॉकस फॅशियन्स, तो सायटोकायनिनच्या जोरावर बुडाशी नुसत्या आखूड, जाड कोंबांचा झुपका काढतो, फूल नाही, उंची नाही. आणि टोमॅटोवर काळे ठिपके आणणारा एक स्युडोमोनास तर गाठ-बिठ काहीच आणत नाही, तो झाडाच्या जास्मोनेट हार्मोनची नक्कल बनवतो, कोरोनाटिन. झाड जिवाणूची चाहूल लागली की पानावरची छिद्रं मिटून घेतं, हा ती परत उघडायला लावतो आणि आत जातो.

म्हणजे 'हार्मोन बनवतो का' एवढ्यावर मित्र की शत्रू ठरत नाही. कुठे बनवतो, किती बनवतो, झाडाच्या आत शिरतो का बाहेर राहतो, आणि झाडाला त्याला आवर घालता येतो का, हे बघावं लागतं.

तर बाटली फेकू नका, तिने गाठी आणलेल्या नाहीत. पण तिच्यावर भिस्तही ठेवू नका, ती गाठ बरी करणार नाही. बाटली घेताना जिवाणूचं नाव लिहिलंय का, नोंदणी आहे का, एक्स्पायरी काय आहे एवढं बघा, नुसतं 'ग्रोथ बूस्टर, लाखो जिवाणू' असं लिहिलेल्या बाटल्या मी तरी हातात धरणार नाही. तांब्याची फवारणी किंवा ड्रेंचिंग केलं असेल तर त्याच आठवड्यात ही बाटली ओतू नका, आपणच आपले जिवाणू विकत घेऊन मारायचे याला काय अर्थ आहे. आणि गाठ आलेल्या बेडची माती किंवा पाणी वापरून घरी कुठलंही कल्चर वाढवत असाल तर ते आजच बंद करा.

आता विकायचं का. नाही. गाठ दिसणारी रोपं अजिबात नाही, ती मुळांसकट काढायची आणि जाळायची, कंपोस्टच्या खड्ड्यात टाकायची नाहीत, बांधावर फेकायची नाहीत.

कठीण प्रश्न आहे तो त्याच लॉटच्या, गाठ न दिसणाऱ्या रोपांचा, आणि मला वाटतं दिराचा जीव तिथेच अडकलाय, कारण पैसे तिथे आहेत. उबदार हवेत जिवाणू शिरल्यापासून साधारण दोन ते चार आठवड्यांत गाठ दिसायला लागते, पण थंडीत शिरला असेल तर तो महिनोन्महिने गप्प राहतो. त्यामुळे आज चांगलं दिसणारं रोप घेणाऱ्याच्या शेतात गेल्यावर गाठ दाखवू शकतं. आणि तुम्ही नुसतं रोप देत नाही, पिशवीभर माती देता. हा जिवाणू झाड नसतानाही मातीत दोन वर्षं सहज टिकतो. तुमच्या दोन ऑर्डरींपैकी एक सोसायटीच्या बागेची आहे आणि एक शेतकऱ्याची, जो अर्ध्या एकरावर गुलाब लावणार आहे असं तुम्ही लिहिलंय. त्या शेतकऱ्याला हा लॉट देणं म्हणजे त्याच्या जमिनीत काही वर्षांची अडचण पेरणं आहे, आणि हा जिवाणू फक्त गुलाबावर थांबत नाही, पीच, बदाम, सफरचंद, शेवंती, अशा शेकडो झाडांवर तो जातो. द्राक्षावरचा त्याचा भाऊ जरा वेगळा, पण तिथेही हाच खेळ.

"कोण बघतंय मुळं" हे दिराचं वाक्य आज खरं आहे. सहा महिन्यांनी तो शेतकरी झाड उपटेल तेव्हा बघेल, आणि रोपवाटिकेचा धंदा तालुक्यात तोंडी चालतो.

पण सगळा लॉट जाळा असं मी म्हणणार नाही, कारण तेवढं नुकसान सोसायची तुमची तयारी आहे का हे मला माहीत नाही आणि गरजही नाही. क्राऊन गॉल झालेला गुलाब लगेच मरत नाही. लहान रोप खुरटतं, पाणी-अन्न वर जायला अडथळा होतो, फुलं कमी येतात, उन्हात लवकर माना टाकतं, पण जरा मोठं झालेलं झाड वर्षानुवर्षं फुलं देत राहतं. म्हणून माझ्या मते मधला रस्ता असा की गाठ न दिसणारी रोपं विक्रीतून काढायची आणि जिथे आधीच ही रोपं ठेवलेली होती त्याच कोपऱ्यात जमिनीत लावून टाकायची, फुलांसाठी. हाराची, पूजेची सुटी फुलं मार्केटला जातात, फुलाबरोबर बुडाची माती जात नाही. पैसे कमी येतील, उशिरा येतील, पण शून्य येणार नाहीत. दोन अटी पाळायच्या. त्या कोपऱ्याचं पाणी रोपवाटिकेकडे वाहता कामा नये, म्हणजे तो उताराच्या खालच्या बाजूला हवा, आणि त्या झाडांवरून एकही डोळा, एकही काडी पुढच्या कलमासाठी घ्यायची नाही, फूल कितीही सुंदर असलं तरी. दुसरी अट पाळणं जड जातं. लेबल अडकवून ठेवा, नाहीतर दोन वर्षांनी कुणाच्या लक्षात राहत नाही आणि कामाला आलेला पोरगा नेमका तिथूनच काड्या कापून आणतो.

मिस्टर म्हणतील, कुंडीत लावणाऱ्या गिऱ्हाइकांना स्वस्तात सांगून विकू. सांगून विकलंत तर फसवणूक नाही हे मला मान्य आहे, पण कुंडीतली माती शेवटी कुठेतरी बागेतच ओतली जाते, म्हणून मी तरी नाही म्हणेन.

पुढच्या सीझनसाठी काय बदलायचं ते आता सांगते, आणि हे तुमच्यासारख्या बाकीच्या नर्सरीवाल्यांनीही वाचावं. गाठ आल्यावर करण्यासारखं काही नाही हे एकदा पटलं की सगळं लक्ष जखमेच्या आधीच्या वेळेवर द्यावं लागतं. खुंट आणले की गाडीतून उतरवतानाच चार-पाच जुड्या सोडून मुळं धुवून बघायची, एका जुडीत जरी गाठ दिसली तरी अख्खा माल परत, गाठवाली तेवढी काढून बाकी ठेवायची नाही. डोळे भरायचा चाकू आणि कात्री, निदान दर मदर प्लांट बदलताना, सत्तर टक्के स्पिरिटमध्ये बुडवायची, दोन चाकू ठेवले की एक भिजतो तोवर दुसरा चालतो आणि कामगार कुरकुर करत नाही. घरगुती ब्लीचचं एकास नऊ पाण्याचं द्रावण पण चालतं, पण चाकू गंजतो, ते ट्रे आणि टेबल धुवायला ठेवा. जुनी माती परत वापरायची नाही, कोकोपीट नवं घ्यायचं, आणि पिशव्या जमिनीवर न ठेवता उंचावर ठेवल्या तर खालच्या पाण्याचा संबंध तुटतो. खुरपणी करताना बुडाला खुरपं लागू नये. हुमणी आणि सूत्रकृमी आटोक्यात ठेवायचे, कारण ते मुळांना जखमा करतात आणि जखम चाकूने केली की किड्याने याच्याशी जिवाणूला देणंघेणं नाही.

रोगट बेडवर दोन-तीन वर्षं ज्वारी, मका किंवा गवतवर्गी काहीतरी घ्या, त्यांच्यावर हा रोग सहसा येत नाही. एप्रिल-मेमध्ये बेड ओला करून पारदर्शक प्लास्टिकने महिना-दीड महिना झाकून ठेवलात तर वरच्या थरातले जिवाणू बरेच कमी होतात, आपल्याकडचं ऊन त्यासाठी फुकट मिळतं. पूर्ण साफ होत नाही, पण कमी होतं.

एक जैविक उपाय पण आहे आणि तो मला फार आवडतो. ऑस्ट्रेलियात ॲडलेडला ॲलन केर यांनी याच जिवाणूच्या कुळातला, रोग न करणारा एक स्ट्रेन शोधला, के ८४. तो एक विष बनवतो, ॲग्रोसिन, आणि रोगी जिवाणू गाठीतलं अन्न ज्या वाटेने आत घेतो त्याच वाटेने हे विष आत जातं. खाण्याच्या हावेपायी मरतो बिचारा. १९७० च्या दशकापासून तिकडे काड्या आणि मुळं लावायच्या आधी त्यात बुडवतात. पण तो आधी लावायचा उपाय आहे, गाठ आल्यावर नाही, आणि सगळ्या प्रकारच्या ॲग्रोबॅक्टेरियमवर चालतही नाही, द्राक्षावरच्यावर नाहीच. कुणी तुम्हाला विकायला आणलं तर नेमका स्ट्रेन आणि नोंदणी विचारा आणि कृषी विज्ञान केंद्रात दाखवूनच पैसे द्या.

दिराशी बोलायचं कसं, हे तुम्ही विचारलं नाही पण पत्रात दिसतंय. वाद घालू नका. गाठवाली चार रोपं त्याच्या म्हणण्याप्रमाणे कापू द्या, पेस्ट लावू द्या, आणि वेगळ्या जागी, उंचावर, लेबल लावून ठेवा. महिना-दोन महिन्यांत त्यालाच दिसेल. ती चार नंतर जाळा, कापलेल्या गाठी आणि चाकूचं मात्र त्याच दिवशी बघा. मिस्टरांनाही पावडरीवरून तुम्हाला बोललेले शब्द मागे घ्यायला हरकत नाही, पण त्याची वाट बघत बसू नका.

ऑर्डरींचं म्हणाल तर तपासणीचा निकाल यायच्या आधीच दोघांना फोन करा. शेतकऱ्याला आधी, कारण त्याने खड्डे घेऊन ठेवले असतील आणि पावसाच्या आत त्याला दुसरीकडून रोपं बघावी लागतील. "लॉटमध्ये मुळाचा रोग दिसतोय, तपासायला दिलाय, म्हणून देत नाही" एवढंच सांगा, घेतलेला ॲडव्हान्स परत करा. आणि ज्या नर्सरीतून खुंट आणलेत त्यांनाही फोटो, बिल आणि तपासणीचा रिपोर्ट पाठवा, नुकसानभरपाई मिळेल न मिळेल, पण त्यांच्याकडून खुंट घेतलेले तुम्ही एकट्या नसणार.